कागद वाळेपर्यंत

मोटार थांबली की लोक तिच्या पुढच्या बाजूला जमत. चकचकीत दिवे, भोंग्याचा रबरी फुगा, ड्रायव्हरचा फेटा, बघण्यासारखं सगळं पुढेच असे. दामोदर चौबळ एकटे मागे जात. गुडघ्यावर हात ठेवून वाकत, धुराच्या नळीपासून वीतभर अंतरावर धुतलेला पांढरा रुमाल धरत आणि ओरडत, "हं, मार हँडल!" इंजिन सुरू झालं की मनात वीस आकडे मोजत. मग रुमाल उजेडात धरून बघत. रुमाल पांढरा राहिला तर ड्रायव्हरच्या पाठीवर थाप. काळा झाला तर तो रुमाल ड्रायव्हरच्याच हातात देत आणि म्हणत, "धुऊन आण. तोवर गाडी इथेच."

खालापूरच्या महालकरी कचेरीत मी परवान्यांचा कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या आणि कर्जत तालुका व खालापूर महाल मिळून मोटारी आणि पेट्रोल तपासायला सरकारने एक माणूस नेमला होता, तो म्हणजे चौबळ. पन्नाशीला आलेले, उंच, काटकुळे, कान जरा बाहेर आलेले. एक सायकल, एक खाकी पिशवी आणि माझ्या टेबलाशेजारची एक खुर्ची एवढंच त्यांचं खातं. खुर्चीत ते क्वचितच बसत.

त्यांना बजावायचे हुकूम तीन होते. मोटारीने रस्त्यावर काळा धूर सोडू नये. पेट्रोलमध्ये घासलेट मिसळून विकू नये. आणि नवीन आलेलं लाल पेट्रोल वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवावं. तिन्ही हुकूम कचेरीच्या भिंतीवर चिकटवले होते आणि चौबळ येईपर्यंत ते भिंतीवरच होते. घासलेट स्वस्त, पेट्रोल महाग. थोडं मिसळलं तर मोटार चालते, पण असा धूर सोडते की रस्त्याला लागून ज्यांची घरं आहेत त्यांनी दारं लावून घ्यावीत. चौक गावात तर घरांचे ओटे रस्त्यालाच टेकलेले. वाळत घातलेल्या पापडांवर काजळी बसे आणि शाळेतली मुलं मोटार गेल्यावर परवचा सोडून खोकत.

मी यादी करणारा माणूस आहे. पिशवी सरकारी म्हणून तिच्यातल्या वस्तूंची यादी मीच केली होती: रुमाल सहा, काचेची कांडी एक, पांढऱ्या टीपकागदाच्या पट्ट्या, लाख, पितळी शिक्का, हातोडी, मोठा खिळा एक. रुमाल ते स्वतः धूत. एकदा मी म्हणालो, "धोब्याकडे टाका की, कचेरीचाच धोबी आहे." ते म्हणाले, "धोबी नीळ घालतो. निळसर रुमालावर काजळी कमी दिसते."

पेट्रोल तपासायची त्यांची पद्धत सोपी होती. आधी वास घ्यायचा. त्यासाठी त्यांनी तपकीर सोडली होती आणि तपासणीच्या दिवशी कांदाही खात नसत. मग कांडीने पेट्रोलचा एक थेंब टीपकागदावर सोडायचा आणि थांबायचं. चोख पेट्रोल बघता बघता उडून जातं, कागद कोरा राहतो. घासलेट असेल तर तेलकट डाग मागे उरतो. "नाक आरोप करतं," ते म्हणत, "साक्ष कागद देतो." कागद वाळेपर्यंत ते कोणाशी एक शब्द बोलत नसत. विकणारा शपथा घेवो, शिव्या देवो, चहा मागवो, हे आपले कागदाकडे बघत उभे.

ही सवय त्यांना इतकी लागली होती की कचेरीत कोणी घाई केली की ते म्हणत, "कागद वाळू द्या." माझ्या पुतणीसाठी पेणचं एक स्थळ आलं आणि घरचे आठ दिवसांत साखरपुडा उरकायला निघाले, तेव्हाही हेच म्हणाले. मी रागावलो. पंधरवड्याने कळलं की मुलाची सुपारी आधीच दुसरीकडे फुटली होती. मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि रुमाल वाळत घातला.

धुराचं त्यांना एवढं का, असं मी एकदा विचारलं होतं. तरुणपणी ते मुंबईत गिरण्यांच्या वस्तीत एका दवाखान्यात कंपाउंडर होते. "तिथे मी खोकल्याचं औषध बनवत होतो," ते म्हणाले. "रोज दोन बाटल्या. एकदा डॉक्टर म्हणाले, चौबळ, औषध आपण इथे खाली ओततोय आणि धूर वरून येतोय." 

मोठ्या माणसांना ते भीत नसत, पण त्यांच्याशी भांडतही नसत. एकदा मुंबईचे एक कंत्राटदार पुण्याच्या शर्यतींना निघाले होते. त्यांच्या लांबलचक मोटारीने चौक गावात एवढा धूर सोडला की रस्त्याची एक बाजू दिसेनाशी झाली. चौबळांनी मोटार थांबवली. कंत्राटदार आतूनच म्हणाले, "अहो मास्तर, मी कोण आहे ठाऊक आहे का?"

"नाही साहेब," चौबळ म्हणाले. "मी मागे उभा असतो. मागून मालक दिसत नाही, धूरच दिसतो. आपण जरा खाली उतरता का?"

कंत्राटदार तावातावाने उतरले. चौबळांनी त्यांना अदबीने मोटारीच्या मागे नेलं, उभं केलं आणि ड्रायव्हरला हँडल मारायला सांगितलं. वीस आकडे होईपर्यंत कंत्राटदारांचा पांढरा कोट करडा झाला होता. ते खोकत खोकत म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं नाही."

"आत बसलेल्याला कसं कळणार?" चौबळ म्हणाले. त्या दिवशी कंत्राटदार पुढे बैलगाडीने गेले आणि मोटार दुरुस्तीला चौकलाच राहिली. शर्यती चुकल्या त्या चुकल्याच.

लाल पेट्रोलची गोष्ट वेगळी होती. घाट चढताना इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून त्यात शिशाचं काहीतरी औषध घातलेलं असे आणि ते ओळखू यावं म्हणून लाल रंग. डब्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असे की याने हात धुऊ नयेत, स्टोव्हमध्ये घालू नये, डब्यात खाण्यापिण्याचं ठेवू नये. चिठ्ठी इंग्रजीत. आणि आमच्याकडे रिकामा डबा म्हणजे घागर, कणगी आणि न्हाणीघराचं भांडं, सगळं एकाच वस्तूत. कोण सोडणार? चौबळ म्हणत, घासलेटाचा धूर निदान डोळ्याला दिसतो, हे शिसं दिसतही नाही. म्हणून त्यांनी स्वतःचा एक नियम काढला. लाल पेट्रोलचा डबा रिकामा दिसला की पिशवीतून हातोडी आणि खिळा काढायचा आणि तळाला दोन भोकं पाडायची.

कर्जतला स्टेशनाबाहेरच्या दुकानात ते असं एकदा करत होते. जवळच्या कोंडाणे गावाकडून मोळी विकायला आलेली एक ठाकरीण त्याच डब्यासाठी दुकानदाराच्या मागे लागली होती. आपल्या डोळ्यांदेखत डब्याला भोक पडलेलं बघून ती खवळली.

"आरं ए बाबा! चांगल्या डब्याला खिळा मारतोस? त्यानं तुजं काय वाकडं केलं?"

"बाई, हा डबा विषारी आहे. यात पाणी साठवलंस तर पोरांच्या पोटात जाईल."

"ईख आसंल तर मोटारीत कशाला घालता रं? ती धूर आमच्याच तोंडावर सोडती ना?"

चौबळांनी हातोडी पिशवीत टाकली. पुढे मला ते म्हणाले, "सरकारने हा प्रश्न मला विचारला असता तर मी राजीनामा दिला असता. त्या बाईने विचारला, म्हणून डबा दिला." म्हणजे झालं असं, की ते सायकलवरून आपल्या बिऱ्हाडी गेले, तांदळाचा डबा परातीत रिकामा केला, तो आणून तिच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या बायकोने पुढे महिनाभर तांदूळ मडक्यात ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते मडकं दाखवलं.

आता भागूबाईची हकिगत. चौबळ म्हटलं की मला आधी तीच आठवते.

चौक गावात रस्त्यावरच भागूबाई कडू हिचं दुकान होतं. वंगण, दिव्याचं तेल, दोरखंड आणि पेट्रोलचे डबे. पेट्रोलचा परवाना तिच्या नवऱ्याच्या नावावर होता. तो वारल्यावर तिने तो आपल्या नावावर मागितला. कचेरीत हसू झालं. बाईमाणसाने पेट्रोल विकायचं? चौबळांनी शिफारस लिहिली आणि परवाना मिळाला. त्यावर ती आणि तिची दोन लहान मुलं जगत होती. शेत नव्हतं, दीर विचारत नव्हते. दुकानासमोरच्या ओट्यावर बसणारे लोक मात्र वर्षभर वाट बघत होते की बाई कधी चुकते.

तिचं दुकान आरशासारखं असे. पितळी माप आणि नरसाळं चिंचेने घासून लखलखीत. चौबळ दर पंधरा दिवसांनी जात, कागद कोरा निघे, ती म्हणे, "झालं समाधान? आता पानी तरी प्या, सायेब. त्यात घासलेट नाय."

त्या वर्षी ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. भागूबाई नुकतीच दुकान उघडत होती. नियमाप्रमाणे गिऱ्हाईकाला मिळतं तसंच पेट्रोल तपासायचं, म्हणून तिने फोडलेल्या डब्यातून नरसाळ्याने मापात ओतलं आणि चौबळांनी मापातून थेंब घेतला. कागद वाळला. डाग राहिला. दुसरी पट्टी, डाग. तिसरी, डाग.

भागूबाई पांढरी पडली. "माज्या पोरांची आन, सायेब, मी थेंब नाय घातला."

समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "बाईच्या हाती पेट्रोल दिल्यावर दुसरं काय व्हनार?"

चौबळांनी पिशवी उघडली. डबे लाखेने बंद केले, शिक्का मारला आणि सायकलवर बसले. भेसळ म्हणजे परवाना रद्द, त्यात आमच्या महालकरी साहेबांच्याही हातात काही नव्हतं. दुपारी कचेरीत येऊन त्यांनी अहवाल लिहिला आणि अलिबागला जिल्हा कचेरीत पाठवायला माझ्यासमोर ठेवला. टपाल दुसऱ्या दिवशी दहाला निघायचं. अहवाल तपासणीपासून एका दिवसाच्या आत टपालात पडलाच पाहिजे, असा नियम. मी नक्कल करायला घेतली. चौबळ खुर्चीत बसले. ते बसले हेच मला विचित्र वाटलं.

"नाकाला काही लागलं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. नाक म्हणत होतं पेट्रोल चोख आहे." मग अहवालाकडे बोट करून, "पण साक्ष कागदाची."

तेवढ्यात कचेरीसमोर उतारूंची सर्व्हिस मोटार आली. चौबळ सवयीने उठून तिच्या मागे गेले. गंगाराम ड्रायव्हर तोंड फुगवून बसला होता. वीस आकडे झाले. रुमाल पांढराशुभ्र.

"पेट्रोल कुठलं रे?"

"कुठलं आसनार? भागूबाईचं. नवमीला सकाळी टाकी भरली, दसऱ्याला गाडी हार घालून हुबी हुती, आज काढली." गंगाराम खाली उतरला. "आता संपलं की गाडी ढकलत न्या. दुकान तर तुमी बंदच केलंत."

"फोडलेल्या डब्यातलं भरलंस की नव्या?"

"माज्यासमोरच डबा फोडला बाईनं. उरलंय ते त्यातच हाय."

चौबळ रुमालाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे आले. "उद्या सकाळी सील तोडायचं आहे. पंच म्हणून तुम्ही चला. दहाच्या आत परत येऊ."

सकाळी आम्ही दोघे दोन सायकलींवर निघालो. पोचलो तेव्हा भागूबाई उंबऱ्यावर बसली होती आणि रात्रभर ती तिथेच असावी असं वाटलं. ओटेकरी आमच्या आधीच जमले होते. चौबळांनी सील तोडलं आणि या खेपेला कांडी सरळ डब्यात बुडवली. थेंब कागदावर. कागद वाळला आणि कोरा झाला. पुन्हा केलं. पुन्हा कोरा.

"आता माप आणा," चौबळ म्हणाले.

मापात ओतलेल्या पेट्रोलचा थेंब वाळल्यावर डाग राहिला. कालच्यापेक्षा फिकट, पण राहिला. चौबळांनी माप उलटं केलं, आतून बोट फिरवलं, बोटावर बोट चोळलं आणि मग बोट नाकाशी नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला आधी वाटलं ते रडणार.

"बाई, मापाला खोबरेल लावलंय?"

"लावलंय की. नरसाळ्याला बी लावलंय. खंडेनवमीला पुजलं ना."

"पूजेला तेल?"

"तर! आमच्यात कोरडं हत्यार पुजत नायत. कोयता आसो, इळा आसो, तेलाचा हात फिरवायचा. नि पुजलेलं हत्यार दसऱ्याला हलवायचं नाय. काल तुमी आलात तवाच पयल्यांदा उचललं." ती थबकली. आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागली. "म्हंजी... त्या डागाचं... माज्या तेलाचंच?"

"तुझ्या तेलाचंच."

आधी गंगाराम हसला. तो पेट्रोलच्या आशेने मोटार घेऊन आलाच होता. मग ओट्यावरचेही हसले, ज्यांनी काल टोमणा मारला होता तेही. भागूबाई हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "देवा, मीच पुजलं नि मीच गोत्यात आले!"

माझ्या खिशात घड्याळ होतं आणि दहाला अजून वेळ होता. परत येताना मी व्यवहाराचं बोललो. "कालचा अहवाल अजून कचेरीतच आहे. तो फाडू. आजचा पंचनामा ठेवू. अलिबागला काही कळायचं कारण नाही."

चौबळांनी सायकल थांबवली. "गावासमोर मी तिच्या डब्यांना सील केलं. ते गावाने बघितलं. आता ते चुकीने केलं, हे कागदावर नसेल तर पुढच्या वर्षी दुसरा कोणी येईल आणि ओट्यावरचे त्याला सांगतील की या बाईला एकदा पकडली होती."

"पण चूक तुमची ठरेल."

"ठरेल कशाला? आहेच. मापाकडे बघितलंच नाही मी. चकाकत होतं म्हणून."

त्यांनी दोन्ही अहवाल पाठवले. डागाच्या पट्ट्या एका बाजूला, कोऱ्या दुसऱ्या बाजूला, टाचणीने लावून. खाली त्यांच्या अक्षरात: चूक तपासणाऱ्याची आहे, विकणारीची नाही. मी नोंदवहीत दोन्हींची नोंद केली आणि टपाल निघालं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर डबे बंद, कारण निकालाशिवाय दुकान उघडता येत नव्हतं. चौबळ त्या दिवसांत नीट झोपत नाहीत, असं त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं. मोटारींच्या मागे ते उभे राहत, पण मोजता मोजता आकडे चुकत. मला ते दोनदा म्हणाले, "अलिबागला पहिलाच कागद वाचून दुसरा बाजूला ठेवला असेल तर?" मी म्हणालो, दोन्हींवर एकच क्रमांक घातलाय, सुटे होणार नाहीत. त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत तेवढंच.

उत्तर आलं ते मीच फोडलं. बाईचा परवाना कायम. नमुना यापुढे डब्यातून आणि मापातून असा दोन्ही घ्यावा आणि मापं आधी कोरडी पुसावीत. तपासनीस चौबळ यांना निष्काळजीपणाबद्दल ताकीद देण्यात येत आहे. मी शेवटचं वाक्य वाचताना आवाज खाली आणला. चौबळ म्हणाले, "ते पुन्हा वाचा. पहिलं." मी पहिलं पुन्हा वाचलं.

आम्ही सर्व्हिस मोटारीनेच चौकला गेलो. दुकानासमोर उभं राहून त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं, ताकिदीसकट. ओट्यावरच्यांना ऐकू जावं म्हणून ताकीद दोनदा वाचली. भागूबाईने पत्र हातात घेतलं, वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि देवघरात ठेवून आली.

"सायेब, माज्यामुळं तुमाला बोलनी बसली."

"बसू दे गं. मला बसली तर मी खुर्चीत बसेन. तुझं दुकान बसलं असतं तर?"

तिने त्यांच्यासाठी पाट मांडला, पाणी दिलं, गूळ दिला. मी पंचनाम्यावर सह्या घ्यायला आत गेलो. डबे मोजून यादी पुरी करायला मला थोडा वेळ लागला. बाहेर आलो तर चौबळ भिंतीला टेकून झोपले होते. भरदुपारी, भर रस्त्यावर, तोंड किंचित उघडं, पिशवी मांडीवर, कान उन्हाने लाल झालेले.

गंगारामने भोंग्याच्या फुग्याला हात घातला. भागूबाई दोन्ही हात हलवत धावली. "वाजवू नको रं मेल्या! सायेब निजलाय."

"मग गाडी न्यायची कशी? हँडल मारलं तर सगळं गाव उठतं."

"ढकल."

गंगारामने मोटारीतल्या उतारूंकडे बघितलं. उतारूंनी चौबळांकडे बघितलं. मग एक एक जण मुकाट्याने खाली उतरला. पटकेवाला सावकार उतरला, खालापूरचे मास्तर उतरले, लग्नाला निघालेली दोन माणसं उतरली, आणि मीही यादी खिशात घालून मागच्या बाजूला हात लावला. मोटार आम्ही आवाज न करता दुकानांपुढून, ओट्यांपुढून वळणापर्यंत ढकलत नेली. वळणावर गंगारामने हँडल मारलं.

आठवड्याने माझी बदली माणगावला झाली. तिथे गेल्यावर चौबळांना मी पुन्हा पाहिलं नाही. त्या दुपारी मोटार वळणाआड जाताना मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते तसेच झोपलेले होते आणि भागूबाई बाजूला बसून त्यांच्या तोंडावर उडणाऱ्या माश्या पदराने वारत होती.